दांतेच्या तलवारीला वजन कुठून येतं?

हातात पाव किलोच्या आसपास वजनाचा प्लास्टिकचा कंट्रोलर असतो. त्यावरचं बटण अंगठ्याने दाबलं की ते दोन-तीन मिलिमीटर खाली जातं आणि परत वर येतं. 'डेव्हिल मे क्राय ५' या गेममध्ये एवढ्याशा हालचालीवर दांते नावाचा नायक जवळजवळ आपल्याच उंचीची तलवार फिरवतो, ती राक्षसाच्या अंगात घुसते आणि खेळणारा म्हणतो, 'काय जोरात बसला!' हा जोर लावला कुणी? बटण दर वेळी तेवढंच दाबलं जातं. समोरचा राक्षस म्हणजे पडद्यावरचे रंगीत ठिपके. तरी काही गेममध्ये वार 'बसतो', आणि काही गेममध्ये तितकीच सुंदर काढलेली तलवार पोकळ वाटते. कधीही गेम न खेळलेल्या माणसाच्या हातात कंट्रोलर दिला, तरी हा फरक त्याला पहिल्या मिनिटात कळतो.

दुसरं कोडं कथेचं आहे. २००५ साली आलेल्या 'डेव्हिल मे क्राय ३'च्या सुरुवातीला दांते आपल्या दुकानात पिझ्झा खात बसलेला असतो. राक्षस प्रकट होतात आणि चारही बाजूंनी आपले लांब विळे त्याच्या शरीरात आरपार खुपसतात. दांते शांतपणे उठतो. विळे अंगात तसेच, राक्षस त्याला लोंबकळलेले, अशा अवस्थेत तो ज्यूकबॉक्सपर्यंत चालत जातो, कारण गाणं लावल्याशिवाय त्याला मारामारी सुरू करायची नसते. दृश्य बेफाट आहे. पण अंगात इतके विळे घुसूनही ज्याला काही होत नाही, अशा नायकाची काळजी वाटावी तरी कशी? आणि काळजीच नसेल, तर लोक तासन्‌तास जीव मुठीत धरून हा गेम का खेळतात?

दोन्ही कोड्यांचं उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. अचाट मारधाडीचा हा प्रकार बाहेरून कितीही मोकाट दिसला तरी आतून कमालीचा काटेकोर असतो. आतला हिशेब चोख असतो म्हणूनच बाहेर इतकं मोकाट वागणं त्याला परवडतं, असं माझं ठाम मत आहे.

सेकंदाचा साठावा भाग

पडद्यावर हलणारं चित्र म्हणजे एकामागून एक झपाट्याने दाखवलेली स्थिर चित्रं. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. या जातीच्या गेममध्ये मात्र ६० फ्रेमचा आग्रह धरला जातो. २००१ साली प्लेस्टेशन २ वर आलेला पहिला 'डेव्हिल मे क्राय'सुद्धा ६० फ्रेमने चालायचा. म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. गेममधली सगळी देवाणघेवाण या नाण्यात होते.

तलवारीचा एक वार घ्या. त्याचे तीन भाग पडतात. पहिल्या भागात दांते तलवार मागे नेतो, ती अजून कुणाला लागू शकत नाही. दुसऱ्या भागात पातं पुढे येतं, आणि त्या मोजक्या फ्रेममध्ये जे पात्याच्या वाटेत येईल त्याला इजा होते. तिसऱ्या भागात हात सावरायचा, पाय जमिनीवर नीट टेकवायचे. या सावरण्याच्या काळात खेळणारा सहसा हतबल असतो, कितीही बटणं दाबली तरी दांते हलत नाही. हलकं हत्यार आणि जड हत्यार यांच्यातला बहुतेक फरक या तीन भागांच्या लांबीतून तयार होतो. जड हत्याराची तयारी लांब, सावरणं त्याहून लांब. ते वापरायचं तर आधी विचार करावा लागतो, आणि असा विचार करायला लागणं हाच वजनाचा पहिला अनुभव.

पण शुद्ध नियमाने चाललं तर गेम खडूस वाटेल. पहिला वार संपायच्या जरासं आधी आपण दुसऱ्याचं बटण दाबलं आणि गेमने 'अजून वेळ झाली नाही' म्हणून ते सोडून दिलं, तर दोष आपल्याला स्वतःचा वाटत नाही, गेमचा वाटतो. म्हणून थोडं आधी दाबलेलं बटण काही फ्रेम लक्षात ठेवलं जातं आणि वेळ येताच दुसरा वार आपोआप सुटतो. याला इनपुट बफर म्हणतात. नवख्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याला फक्त वाटतं, आपला हात छान चालतोय.

वार लागताच सगळं थांबतं

आता पहिल्या कोड्याच्या गाभ्याकडे येऊ. तलवार राक्षसाला टेकते त्या क्षणी गेम चक्क थांबतो. मारणारा आणि मार खाणारा, दोघेही काही फ्रेम जागच्या जागी गोठतात आणि मग हालचाल पुढे सुरू होते. यालाच हिटस्टॉप म्हणतात. समजा, पाच फ्रेम थांबलं, तर तो जेमतेम ८० मिलिसेकंदांचा खंड झाला. डोळ्याला तो 'थांबणं' म्हणून दिसत नाही, हाताला मात्र जाणवतो.

असं का व्हावं? खऱ्या जगात हत्यार कशात रुतलं की त्याचा वेग एकदम घटतो. जितकं घट्ट रुतेल तितका जास्त. मेंदूने हा संबंध लहानपणापासून मुरवलेला असतो. पडद्यावरचं पातं मधेच अडखळलेलं दिसलं की मेंदू आपण होऊन ठरवतो की इथे काहीतरी टणक लागलं. कंट्रोलरकडे प्रतिकार नाही, म्हणून प्रतिकाराच्या जागी वेळ वापरला जातो.

कोणता वार किती फ्रेम थांबवायचा, हे ठरवणं फार नाजूक काम आहे. हलका वार एक-दोन फ्रेम, शेवटचा मोठा घाव त्याच्या कितीतरी पट. सगळेच वार सारखे थांबवले तर सगळेच सपाट होतात, आणि जास्त थांबवलं तर गेम अडकतोय की काय असं वाटायला लागतं. 'सुपर स्मॅश ब्रदर्स'चा निर्माता मासाहिरो साकुराई याने २०२२ पासून यूट्यूबवर गेम घडवण्याविषयीची जी मालिका केली, तिच्यात या बाबतीतले बारकावे तो वारंवार दाखवतो. त्यातला एक मला फार आवडतो. थांबलेल्या फ्रेममध्ये मार खाणारा किंचित थरथरवायचा आणि मारणारा स्थिर ठेवायचा. दोघेही गोठलेले असताना धक्का कुठून कुठे गेला, ते बघणाऱ्याला एका नजरेत कळतं.

या थांबण्यावर मग बाकीचं सगळं चढवलं जातं. कॅमेऱ्याला हलका हादरा, ठिणग्या, एकावर एक बसवलेले दोन-तीन आवाज, कंट्रोलरची थरथर. लोक जोराचं श्रेय ग्राफिक्सला देतात. ग्राफिक्स तसेच ठेवून हिटस्टॉप तेवढा काढून टाकला, तर तलवार त्याच क्षणी पोकळ होईल.

शत्रूला घाई नसते

आपल्या वाराची तयारी आखूड आणि शत्रूच्या वाराची लांब, हा या गेमचा मुद्दाम ठेवलेला पक्षपात आहे. डोळ्याने काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. त्यात काय करायचं हे ठरवण्याचा वेळ धरा. राक्षसाने दहा फ्रेममध्ये विळा चालवला, तर जगातला कुणीही खेळाडू तो बघून चुकवू शकणार नाही. म्हणून राक्षस विळा डोक्यावर नेतो, क्षणभर तिथेच धरतो, ओरडतो, आणि मग मारतो. ॲनिमेशनवाल्यांना हे तंत्र जुनंच आहे. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ॲनिमेशनची जी बारा तत्त्वं ग्रंथात मांडली, त्यात कृतीआधीची पूर्वतयारी हे एक ठळक तत्त्व आहे. सिनेमात ती बघणाऱ्यासाठी असते, गेममध्ये ती उत्तर देणाऱ्यासाठी असते.

'बायोनेटा' (२००९) हा गेम याचा सर्वात देखणा वापर करतो. देवदूतांसारखा दिसणारा शत्रू हल्ल्याआधी लकाकतो आणि आवाज करतो. अगदी शेवटच्या क्षणी बाजूला झालात तर भोवतालचा काळ मंदावतो आणि तेवढा वेळ तुम्ही त्याला हवा तसा बदडू शकता. लवकर बाजूला झालात तर जीव वाचतो, बक्षीस मिळत नाही. धोक्याच्या जितकं जवळ थांबाल तितका फायदा, हे एकच गणित भित्र्या खेळाडूलाही हळूहळू धीट करतं.

शत्रूंची संख्या हा वेगळा प्रश्न. दहा राक्षसांनी एकदम हल्ला केला तर नायकाचं काही चालणार नाही. म्हणून पडद्याआड त्यांना पाळी लावलेली असते. २०१६ च्या 'डूम'मध्ये तर सरळ टोकनची पद्धत आहे. हल्ल्याची टोकनं मोजकीच असतात, ज्या शत्रूला ती मिळतात तो मारतो, बाकीचे गुरगुरत फिरतात. कॅमेऱ्याच्या बाहेर असलेल्या शत्रूलाही अशा गेममध्ये सहसा आवरून धरतात, कारण न दिसलेल्या हल्ल्याने मेलेला खेळाडू काही शिकत नाही, नुसता चिडतो.

चूक सापडली आणि ठेवून दिली

शत्रूला तलवारीने वर उडवायचं आणि वरच्या वर मारत राहायचं, खाली पडूच द्यायचं नाही, ही या प्रकाराची ओळख आहे. ती कुणी कागदावर आखून काढली नव्हती. जपानच्या कॅपकॉम कंपनीत 'ओनिमुशा' या गेमची चाचणी चालू असताना दिग्दर्शक हिदेकी कामियाच्या लक्षात आलं की एका दोषामुळे शत्रूला वार करत करत हवेत तरंगत ठेवता येतंय. दुसऱ्या कुणी तो दोष नोंदवून काढून टाकायला सांगितला असता. कामियाने तो आपल्या हातातल्या गेमसाठी उचलला.

तो हातातला गेमही मुळात दुसराच होता. 'रेझिडेंट इव्हिल' या भयकथांच्या मालिकेचा चौथा भाग म्हणून त्याचं काम सुरू झालं होतं. पथक ब्रिटन आणि स्पेनमध्ये जाऊन जुन्या दगडी भिंती, पुतळे, फरसबंद्या यांचे फोटो काढून आलं होतं. पण नायक इतका जबरदस्त झाला की त्याला कशाची भीती वाटेना, आणि भयकथेचा पायाच सुटला. शेवटी निर्माता शिंजी मिकामी याने तो प्रकल्प स्वतंत्र करून टाकला. त्यातून २००१ चा 'डेव्हिल मे क्राय' आला. खराखुरा 'रेझिडेंट इव्हिल ४' २००५ साली वेगळा तयार झाला.

याच्या दहा वर्षं आधीही असंच घडलं होतं. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'मध्ये एक वार पुरता संपायच्या आत दुसरा जोडता येतो, हे बनवणाऱ्यांना तपासणीत आढळलं. इतकं नेमकं कुणाला साधणार, म्हणून ते तसंच राहू दिलं. लोकांना ते साधलं, आणि 'कॉम्बो' हा शब्द जगभरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पोचला.

दांतेच्या बाबतीत हवेतला खेळ जमतो तो गुरुत्वाकर्षणाशी केलेल्या तडजोडीमुळे. हवेत मारलेला प्रत्येक वार शत्रूचं आणि दांतेचं पडणं क्षणभर रोखतो. त्यात शत्रूच्याच अंगावर पाय देऊन पुन्हा उडी मारता येते. ही उडी चालू वाराचा सावरण्याचा भाग कापून टाकते. वार, उडी, वार, उडी, असा ठेका अंगठ्यांनी धरता आला की माणूस जमिनीवर उतरतच नाही. याला खरोखर महिने लागतात, आणि ज्यांचा हात बसलेला आहे त्यांचा खेळ बघताना बटणं दिसेनाशी होतात.

जिंकलात, पण कसे?

आता दुसऱ्या कोड्याकडे. कथेतला दांते मरणार नाही, हे पहिल्या दृश्यातच सांगून टाकलेलं असतं. मग पणाला काय लागतं? पणाला लागते ती ऐट.

लढाई सुरू झाली की पडद्याच्या उजव्या बाजूला एक अक्षर उमटतं. डी, मग सी, बी, ए, पुढे एस, डबल एस आणि ट्रिपल एस. हे अक्षर तुम्ही किती राक्षस मारले ते सांगत नाही. तुम्ही कसे मारले ते सांगतं. तोच वार पुन्हा पुन्हा केलात तर त्याला मिळणारे गुण आटत जातात. हत्यारं बदललीत, तलवारीवरून बंदुकीवर, बंदुकीवरून मुठींवर गेलात, तर अक्षर चढतं. मार खाल्लात तर धाडकन घसरतं. हल्ल्यांच्या मधोमध उभं राहून शत्रूला वेडावून दाखवलंत, तर त्याचेही गुण मिळतात. एकच सोपा वार धरून बसलेला माणूस गेम पूर्ण करू शकतो, पण संपूर्ण वेळ ते अक्षर त्याला सांगत राहतं की हे काही खरं नाही.

कथा आणि हात यांचा सांधा इथे जुळतो. कटसीनमध्ये, म्हणजे ज्या प्रसंगात आपण नुसते बघे असतो त्यात, दांते विळे अंगात घेऊन ज्यूकबॉक्सकडे चालत जातो. खेळताना मात्र तसेच विळे चारदोनदा लागले की तो मरतो. कथेतला बेफिकीर दांते आणि आपल्या हातातला घामाघूम दांते यांच्यात केवढं तरी अंतर असतं. ट्रिपल एस हे त्या अंतराचं मोजमाप आहे. ते अक्षर पेटतं तेवढ्या काही सेकंदांपुरते आपण कथेतल्या माणसाच्या लायकीचे झालेलो असतो. काळजी नायकाच्या जिवाची नसते, आपण त्याला शोभतोय की नाही याची असते.

| खेळणाऱ्यांच्या तोंडचे शब्द |
|---|
| कॉम्बो: शत्रूला सावरू न देता जोडलेले लागोपाठचे वार. |
| कॅन्सल: एका वाराचा सावरण्याचा भाग दुसऱ्या कृतीने कापून टाकणं. |
| लाँचर: शत्रूला हवेत उडवणारा वार. |
| आय-फ्रेम: बाजूला होताना मिळणाऱ्या त्या मोजक्या फ्रेम, ज्यात आपल्याला काहीच लागू शकत नाही. |
| बटण मॅशिंग: काय होतंय ते न बघता बटणं बडवत सुटणं. |

पखवाजवाला पायांकडे बघतो

सिंधुदुर्गात आणि गोव्यात दशावतार बघितलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. राक्षस मरणार हे नाटक उभं राहण्याआधीपासून ठाऊक असतं. तरी युद्धाच्या वेळी माणसं सरसावून बसतात, कारण बघायचं असतं ते युद्ध कसं रंगतं ते. पखवाजवाला नटाच्या पायांवर नजर ठेवून असतो. पाय जोरात पडले की बोल चढतात, नट थबकला की तोही थबकतो. लिहिलेली संहिता नसते, पण ताल चुकत नाही.

'डेव्हिल मे क्राय ५'मधलं संगीत हेच काम करतं. नीरो या तरुण नायकाच्या लढाईचं गाणं तुकड्या-तुकड्यांत रचून ठेवलेलं आहे. ऐट कमी असताना नुसता कडव्यांचा भाग फिरत राहतो. अक्षर चढेल तसं गाणं पुढे सरकतं, आणि एसला पोचलात की ध्रुवपद फुटतं. मार खाऊन घसरलात की गाणंही मागे येतं. यातली तांत्रिक मेख सांध्यांत आहे. खेळणारा कुठल्याही क्षणी एसला पोचू शकतो, पण गाणं भलत्या मात्रेवर तुटलं तर कानाला खटकतं. म्हणून गेम पुढच्या योग्य मात्रेपर्यंत थांबतो आणि मगच तुकडा बदलतो. असं जोडसंगीत फार जुनं आहे. लुकासआर्ट्स कंपनीच्या मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी 'आयम्यूज' नावाची अशी प्रणाली १९९१ च्या 'मंकी आयलंड २' या गेममध्ये वापरली होती. तिथे जागा बदलली की संगीत वळण घ्यायचं. २०१३ च्या 'मेटल गिअर रायझिंग: रिव्हेंजन्स'ने त्याचा उपयोग थेट नाट्यासाठी केला. मोठ्या शत्रूशी लढताना आधी नुसती वाद्यं वाजतात आणि पारडं फिरतं त्या नेमक्या क्षणी गायकाचा आवाज फुटतो. पहिल्याच मोहिमेत नायक रायडन इमारतीएवढ्या यंत्राचं पातं अंगावर झेलतो, ते यंत्र उचलून भिरकावतो, आणि तिथे गाणं फुटतं. तो क्षण मी कितीदाही बघू शकतो.

मोटरसायकल हातात येते

कथेतली अतिशयोक्ती हाताला कशी मिळते, याचा उत्तम नमुना या मालिकेतल्या मोटरसायकली आहेत. २००१ च्या पहिल्या भागात ट्रिश नावाची बाई दांतेच्या कचेरीचं दार फोडून मोटरसायकलसकट आत येते आणि ती त्याच्या अंगावर भिरकावते. तो गोळ्या झाडून मोटरसायकल थोपवतो. हे आपण फक्त बघतो. २००५ च्या तिसऱ्या भागात दांते मोटरसायकलवर बसून राक्षसांना तिनेच झोडपतो. तेही बघण्यापुरतंच. २०१९ च्या पाचव्या भागात मात्र मोटरसायकल हे हत्यारच आहे. ती मधोमध दुभंगते आणि दांते दोन हातांत दोन तुकडे घेऊन फिरणाऱ्या चाकांनी शत्रूला भरडतो. हे सगळं आपल्या बटणावर. चाकं अंगात घुसली असताना नेमक्या वेळी पुन्हा बटण दाबलं तर ती आणखी गरगरतात.

अठरा वर्षांत दिग्दर्शक बदलले. दुसऱ्या भागाचं काम चालू असतानाच सूत्रं हिदेआकी इत्सुनोकडे आली. पण रोख तोच राहिला. तिसऱ्या भागापासून कटसीनमधल्या मारामाऱ्या युजी शिमोमुरा हा सिनेमातला ॲक्शन दिग्दर्शक बसवतो आणि दांतेच्या हालचाली रूबेन लँगडन हा स्टंटमन स्वतः करून देतो. त्यामुळे कटसीनमधलं शरीर आणि खेळातलं शरीर एकाच माणसाचं वाटतं.

सहा हातांचा असुर

कॅपकॉमनेच २०१२ साली बाजारात आणलेला, सायबरकनेक्ट२ ने बनवलेला 'असुराज रॅथ' नेमका उलट्या टोकाला उभा आहे. त्यातली नावं मराठी वाचकाला लगेच कळतील. नायक असुर, त्याची बायको दुर्गा, सोबती यक्षावरून नाव पडलेला याशा, ऊर्जेचं नाव मंत्र, शस्त्राचं नाव ब्रह्मास्त्र, शेवटचा शत्रू चक्रवर्ती. हिंदू आणि बौद्ध पुराणांतले शब्द जपानी विज्ञानकथेत मिसळून केलेला हा संताप आहे. सुरुवातीलाच एक शत्रू पृथ्वीपेक्षाही मोठा होतो आणि अवकाशातून एका बोटाने असुराला चिरडायला येतो. असुर त्या बोटावर गुद्दे मारून त्याला थोपवतो.

आता एवढं दृश्य नेहमीच्या बटणांवर कसं चालवणार? 'असुराज रॅथ' मार्ग काढतो तो वेळेवर बटण दाबण्याचा. प्रसंग सिनेमासारखा चालू असतो, मधेच पडद्यावर बटणाचं चिन्ह येतं आणि त्या क्षणी ते दाबायचं. यू सुझुकीच्या १९९९ च्या 'शेनमू' या गेमपासून याला क्विक टाइम इव्हेंट म्हणतात. इथे तीन भागांचा वार नाही, शत्रूची पाळी नाही, कॉम्बोही फारसा नाही. पण एक गोष्ट हा गेम अचूक साधतो. असुर दाताने, डोक्याने, उरलेल्या शेवटच्या हाताने लढत असताना बटण थकवा येईपर्यंत बडवावं लागतं, आणि त्याचा संताप आपल्या मनगटात उतरतो. मला विचाराल तर ही युक्ती एकदा खेळण्यापुरती आहे. दुसऱ्यांदा खेळताना बघण्यासारखं पुष्कळ असतं, करण्यासारखं उरत नाही.

दोन भाऊ, तीन लढाया

कथा आणि हात एकजीव झालेलं उदाहरण म्हणून मी नेहमी 'डेव्हिल मे क्राय ३'मधला दांते आणि त्याचा जुळा भाऊ व्हर्जिल यांचा संघर्ष सांगतो. नावं इटालियन महाकवीवरून आणि त्याच्या काव्यात त्याला नरकाची वाट दाखवणाऱ्या रोमन कवीवरून घेतलेली. बाप राक्षस, आई माणूस. व्हर्जिलला बापाची ताकद हवी आहे, दांतेला ती नकोशी आहे. कथा म्हणून इतकंच.

पण हे भाऊ तीनदा लढतात आणि तिन्ही वेळा आपल्या हातून. पहिल्यांदा एका मनोऱ्याच्या माथ्यावर, पावसात. व्हर्जिल म्यानावर हात ठेवून उभा असतो, गोळी झाडली तर तलवार फिरवून ती अडवतो, आणि आपण बटणं बडवतोय हे त्याला जणू कळतं. तोवर जे वार राक्षसांवर सहज चालले, ते इथे एकामागून एक फुकट जातात. बऱ्याच जणांना पहिल्यांदा इथे कळतं की आपण गेम शिकलोच नव्हतो. धडपडून जिंकावं, तर पुढच्या कटसीनमध्ये दांते हरतो. व्हर्जिलची तलवार त्याच्या शरीरातून आरपार जाते. सुरुवातीला हसत-हसत विळे अंगावर घेणारा माणूस इथे खरोखर कोसळतो, आणि त्या पराभवातूनच त्याची राक्षसी ताकद जागी होते. ती ताकद लगेच पुढच्या मोहिमेत आपल्या बटणावर येते.

दुसऱ्या लढाईत व्हर्जिलकडे हातापायांत चढवायचं नवं शस्त्र असतं आणि निकाल लागत नाही. तिसरीपर्यंत आपला हात बराच बसलेला असतो. जो वार पहिल्या वेळी दिसतही नव्हता, त्याची तयारी आता स्वच्छ दिसते. फ्रेम तेवढ्याच असतात. बदललेले आपण असतो. दांतेने भावाच्या बरोबरीला येणं हे लेखकाने लिहिलेलं आहे, पण ते घडतं खेळणाऱ्याच्या बोटांत, आणि म्हणून शेवटी भावांनी एकमेकांचा घेतलेला निरोप मनाला लागतो. त्यानंतर श्रेयनामावली सुरू झाली तरी गेम कंट्रोलर काढून घेत नाही. नावं वर सरकत असतात, राक्षस येत राहतात, आणि शंभर मारलेत तर एक जादा प्रसंग बघायला मिळतो.

खेळायला बसण्याआधी

यातले बहुतेक गेम मोठ्यांसाठी आहेत. 'डेव्हिल मे क्राय ५'ला अमेरिकेत १७ वर्षांवरील वयाचं मानांकन आहे, तेव्हा घरातल्या लहान मुलाच्या हातात तो देऊ नका. सुरुवात 'ह्यूमन' या सोप्या पातळीवर करायला काहीच हरकत नाही. बटणं अगदीच जमत नसतील तर ऑटो असिस्टची सोय आहे, ती कॉम्बो स्वतः जोडून देते, पण शक्य तितक्या लवकर ती बंद करा, कारण खेळाची खरी मजा तिच्या पलीकडे आहे. सरावासाठी 'द व्हॉइड' नावाची वेगळी जागा दिली आहे. तिथे एकच लाँचर आणि त्यानंतरचे दोन वार तेवढे हाताला बसवा. टीव्हीवर खेळत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही ते काही फ्रेम उशिरा दाखवतो, आणि एवढं सगळं वाचल्यावर काही फ्रेम म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. आणि एक मोहीम संपली की पुढे धावू नका, तीच पुन्हा एकदा खेळून बघा.